मताला पंखा नाही

माझी त्या माणसाविरुद्ध एक तक्रार आहे आणि ती मी अजून सोडलेली नाही. चौदा महिने मी त्यांच्याकडे इंग्रजी शिकले. भुकूमहून पौडला दुपारच्या उन्हात स्कूटर दामटत जायचे, रोपांची नर्सरी कामाच्या बाईवर सोडून. आणि चौदा महिन्यांत त्यांनी मला एकदाही 'चांगलं' म्हटलं नाही. वाईट म्हटलं नाही हेही खरं. पण मी धंदेवाली बाई आहे. माझ्याकडे गिऱ्हाईक आलं की मी त्याच्या निवडीचं कौतुक करते, मग ते भाव पाडतं, मग मी रागावते, मग सौदा होतो. शब्दाला शब्द मिळाला पाहिजे. या माणसाकडून मला एक शब्द येणं आहे, असं माझं म्हणणं आहे.

पौडात त्यांना सगळे इन्स्पेक्टर म्हणत. पोलिसातले नव्हेत. उरवड्याच्या एका कारखान्यात ओतीव लोखंडाचे भाग तपासून पास-नापास करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. बाजारात त्यांच्या भावाचं बांगड्यांचं दुकान होतं. भाऊ खाली बायकांच्या हातात बांगड्या चढवायचा आणि वरच्या खोलीत हे दुपारी दोन ते तीन इंग्रजी शिकवायचे. रमजानात तेवढा वर्ग सकाळी असे. शाळेत त्यांना इंग्रजी आलं नव्हतं. ते आलं कारखान्यात, नापास मालाबरोबर लावायच्या चिठ्ठ्या लिहून लिहून. त्यामुळे त्यांच्या इंग्रजीत लांबी, रुंदी, वजन, तारीख, वेळ सगळं होतं. सुंदर, भयंकर, छान, बेकार हे शब्दच नव्हते. कुणी ते वापरले की ते कानामागे हात धरून विचारायचे, "कुणाच्या मते?"

खोलीत बसायच्या दोन जागा होत्या. एक बाक खिडकीखाली, एक समोरच्या भिंतीला लागून. प्रत्येकाने रोज दोन वाक्यं इंग्रजीत करून आणायची आणि मोठ्यांदा म्हणायची. वाक्य असं असेल की दुसरा माणूस जाऊन तपासून येऊ शकेल, तर ते फॅक्ट, खिडकीकडे बसायचं. नुसतं वाटतंय एवढंच असेल, तर ते ओपिनियन, भिंतीकडे बसायचं. खोलीत पंखा एकच होता आणि तो खिडकीकडे होता.

"भिंतीकडं पन एक लावा की," मी पहिल्याच दिवशी म्हणाले.

"मताला पंखा न्हाई," ते म्हणाले. "मत असूंद्या, मत वाईट न्हाई. पन ते घाम गाळून द्यावं."

फीवरूनही मी घासाघीस केली. ते म्हणाले, "फी ठरलेली हाय, हे फॅक्ट. जास्त हाय, हे तुमचं मत. बसा तिकडं." मी भिंतीकडे बसले आणि पहिला महिना तिथून उठले नाही.

हा नियम ते स्वतःलाही लावायचे. शिकवताना स्वतःचं काही मत द्यायचं झालं की खुर्चीतून उठायचे, चालत भिंतीपाशी जायचे, तिथे उभं राहून मत द्यायचे आणि परत येऊन बसायचे. चहाच्या टपरीवरही तेच. कुणी विचारलं, "इन्स्पेक्टर, औंदा आमदार कोण व्हईल?" की ते हातातला ग्लास ठेवून टपरीच्या पत्र्याला पाठ लावायचे आणि मग बोलायचे. मोकळ्या रानात त्यांना कुणी मत विचारलेलं मी पाहिलं नाही. विचारलं असतं तर काय केलं असतं कोण जाणे. त्यांच्या मुलीला बघायला आलेल्या पाहुण्यांनी "मुलगी स्वभावानं कशी हाय?" असं विचारलं तेव्हा ते म्हणाले होते, "मी बाप हाय, माझं मत धरू नका. तिची उंची, शिक्षण सांगतो. स्कूटरवरून दोनदा पडलीय तेबी सांगतो." आणि मुलाच्या आईने तिथेच होकार दिला. हे मी ऐकलेलं आहे, पाहिलेलं नाही. एवढं सांगून ठेवायची सवय मला त्यांच्यामुळेच लागली.

वर्गात आम्ही पाच-सहा जण. त्यातले दोघे मला विसरता येत नाहीत. एक उरवड्याच्या कारखान्यावरचा वॉचमन, आम्ही त्याला मामा म्हणायचो. त्याला गेटवरची वही इंग्रजीत लिहायची होती. "संशयास्पद गाडी आली" असं वाक्य तो आणायचा आणि भिंतीकडे जायचा. "मामा, संशय तुमचा हाय, गाडीचा न्हाई," इन्स्पेक्टर म्हणायचे. "गाडीचा नंबर लिवा, रंग लिवा, किती वाजता आली, किती वेळ थांबली ते लिवा. संशय वाचणाऱ्याला येऊंद्या."

दुसरी लातूरकडची नवी सून. नवरा आयटीत, भुकूमला फ्लॅट, सासू बरोबर. तिची सगळी वाक्यं सासूवर असायची. सासू कडक आहे, सासू टोचून बोलते, सासूला माझं काही आवडत नाही. सगळी भिंतीकडे. मग ती हुशारीने एकेक वाक्य खिडकीकडे न्यायला बघायची. सासू पाच वाजता उठते. सासू दोनदा चहा घेते. सासूने मंगळवारी माझ्या भाजीत मीठ टाकलं. दोन महिन्यांनी एके दिवशी ती हात जोडून म्हणाली, "सर, माझ्याकडं आता सासूबद्दल बोलायला काही उरलंच नाही. घरी जाऊन करू काय?" वर्ग हसला. इन्स्पेक्टर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "भाजीत मीठ कमी होतं का?" ती वही मिटत म्हणाली, "होतं."

मी तिथे कशाला गेले होते ते आता सांगते.

भुकूमला एका मोठ्या सोसायटीच्या बागेचं काम माझ्याकडे होतं. रस्त्याकडेला ताडपत्रीखाली तुळस-मोगरा विकत बसणारी बाई मी. तिथून स्वतःची नर्सरी आणि सोसायट्यांची कामं इथवर एकटीने आलेली. त्या सोसायटीत मी कंपाउंडलगत चाळीस बकुळी लावल्या. मे महिन्यापर्यंत त्यातल्या बावीस वाळल्या. कमिटीच्या सेक्रेटरीने माझं काम काढून घेतलं आणि इंग्रजीत पत्र दिलं. नुसतं दिलं नाही, तर आसपासच्या सगळ्या सोसायट्यांच्या सेक्रेटऱ्यांचा एक ग्रुप आहे, त्यावर टाकलं. मला ते वाचताही येत नव्हतं. दुसऱ्या एका सोसायटीच्या वॉचमनने मला सांगितलं, "ताई, तुमच्यावर कायतरी लिवलंय, निग्लिजन्स का काय." म्हणजे हलगर्जीपणा. तो एक शब्द फिरला आणि पंधरा दिवसांत आणखी दोन कामं हातची गेली. मला तो शब्द त्या ग्रुपवरून मागे घ्यायला लावायचा होता. आणि तोही कुणाकडून लिहून आणलेल्या पत्राने नव्हे, माझ्या स्वतःच्या इंग्रजीने. बाकी मला इंग्रजीशी काही देणंघेणं नव्हतं.

झाडं कशाने मेली हे मला पक्कं माहीत होतं. पाण्याने. सोसायटी सांडपाणी शुद्ध करून तेच बागेला सोडते. ते पाणी खराब. हे मी सेक्रेटरीला त्याच्या पार्किंगमध्ये उभं राहून, चार माणसांत, माझ्या आवाजात सांगितलं होतं. तो नागपूरकडचा, शांत माणूस. म्हणाला, "तुम्ही नुसतं पाणी पाणी करून राहिल्या, आम्ही तेच पाणी लॉनला देतो ना." त्यावर मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

वर्गात मी पहिलं लांब पत्र लिहून आणलं. इन्स्पेक्टरांनी लाल पेन्सिल घेतली. सेक्रेटरी अहंकारी आहे, रेघ. कमिटी गरिबाला दाबते, रेघ. मी प्रामाणिक आहे, त्याच्यावरही रेघ.

"हे तरी ठेवा," मी म्हणाले.

"कसं तपासू?"

"कुनालाबी इचारा भुकूमात."

"मग ते कुनाचंबी मत झालं."

दोन पानांच्या पत्रात तीन वाक्यं उरली. मी चाळीस झाडं लावली. बावीस मेली. पाणी खराब आहे. तिसऱ्या वाक्यावर ते थांबले. मी म्हणाले, "हे खिडकीचं हाय. तपासता येतं." त्यांनी थोडा विचार केला आणि मान डोलावली. "बरोबर. खिडकीचं हाय. पन खिडकीचं म्हंजे खरं न्हाई, बाई. तपासता येतं एवढंच. चुकीचं निगालं तर तितंच उभं राहायचं."

मी पंख्याखाली जाऊन बसले. महिन्याभरात पहिल्यांदा. आणि पुढचे दोन आठवडे त्या वाक्यावर मी तिथेच बसत होते, पदराने वारा न घेता. त्याच आठवड्यात मी सोसायटीतून पाण्याची बाटली भरून आणली आणि पुण्याच्या लॅबला दिली. सेक्रेटरीने बाटली भरताना अडवलं नाही. उलट म्हणाला, "रिपोर्ट आला की मलाही द्या." मला वाटलं, नाटकं करतोय.

रिपोर्ट आला. पाणी बागेला योग्य.

मी तो कागद इन्स्पेक्टरांपुढे टाकला आणि म्हणाले, लॅब विकली गेली असेल. त्यांनी नुसतं भिंतीकडे बोट केलं. मी गेले नाही. खिडकीपाशी उभी राहिले, कारण नियम तसा होता, आणि तो तास मी उभ्याने काढला. वॉचमन मामा म्हणाला, "बसा ताई, पाय दुखतील." इन्स्पेक्टर पुढच्याचं वाक्य तपासायला लागले. त्या दिवशी मला त्यांचा राग आला तो साधा नव्हता. पैसे मोजून मी माणूस ठेवला होता माझ्या बाजूने लढायला, आणि तो बसला होता मधोमध.

वर्ग सुटल्यावर मात्र ते खाली बांगड्यांच्या दुकानापाशी माझ्या स्कूटरजवळ आले. म्हणाले, "पाणी पास झालं. आता पार्ट उघडून बघायला पायजे."

"कसला पार्ट?"

"झाड."

वाद मिटेपर्यंत वाळलेल्या झाडांना कुणी हात लावायचा नाही, असं कमिटीने ठरवलं होतं, त्यामुळे ती तिथेच उभी होती. दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टर एसटीने भुकूमला आले. गेटवरचा माणूस मला ओळखत होता, त्याने सोडलं. मी पहिल्या वाळलेल्या बकुळीला धरून ओढलं. झाड मुळांसकट असं अलगद वर आलं, जसा डब्यातून डबा निघावा. खाली काळी पिशवी, जशीच्या तशी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. रोपं नर्सरीत काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत वाढवतात. लावताना पिशवी ब्लेडने फाडून काढायची असते. नाही काढली तर मुळं आतल्या आत गोल फिरतात आणि उन्हाळा आला की झाड उभ्या जागी वाळतं. हे माझ्या नर्सरीतल्या कालच्या पोरीलाही माहीत आहे.

आम्ही दोघांनी खुरप्याने सगळी चाळीस तपासली. बावीस मेलेल्यांना पिशव्या होत्या. आणि जिवंत अठरातल्याही सात झाडांना होत्या. ती सात अजून तग धरून होती एवढंच. मी तिथेच बसले आणि सातही पिशव्या कापून काढल्या. इन्स्पेक्टर झाड धरायचे, मी कापायची. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर चिखल उडाला. हात धुताना मी आजूबाजूला पाहिलं. दुपारची वेळ, बाल्कन्या बंद.

"कुनी बगितलं न्हाई," मी म्हणाले.

"दोगांनी बगितलं," ते म्हणाले.

मी सौदा करायला लागले. पत्रात पाण्याचं काढून टाकते. पिशव्यांचंही लिहीत नाही. 'झाडं का मेली ते कळलं नाही' असं लिहिते. झाडं मुकादमाने लावली, मी थोडीच लावली? आणि पिशव्यांचं लिहिलं तर त्यांचा निग्लिजन्स खराच ठरतो की. मग मी इंग्रजी शिकून मिळवलं काय? मी बरंच बोलले. माझा आवाज चढला की मला थांबवता येत नाही.

ते ऐकत राहिले आणि म्हणाले, "पत्र तुमचं, सही तुमची. माझं काम वाक्य कुठं बसतंय तेवढंच." आणि एसटी धरायला निघून गेले. मी आठ दिवस वर्गाला गेले नाही. त्यांनी फोन केला नाही.

त्या आठ दिवसांत मी मुकादमाला बोलावून घेतलं. रोजंदारीची माणसं आणणारा, माझ्याकडे बरीच वर्षं काम केलेला माणूस. त्याला मी उभा-आडवा घेतला. तो मान खाली घालून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "ताई, तुमीच म्हनला व्हता ना फोनवर. दुसऱ्या दिशी झेंडा व्हता त्यांचा. म्हनला, लवकर उरका, बाकीचं मागनं बगू. आमी धा-अकरा पिशव्या काढल्या, आन अंदार पडाय लागला. बाकीचं मागनं म्हंजे आमाला वाटलं..."

मी म्हणाले होते. मला आठवलं. सव्वीस जानेवारीला सोसायटीला हिरवं कंपाउंड हवं होतं, दोन दिवस आधी सांगितलं होतं, आणि मी दुसऱ्याच जागेवर होते. जाऊन बघितलं नव्हतं. पुढे 'मागनं' कधी आलंच नाही.

नवव्या दिवशी मी वर्गात गेले आणि नऊ वाक्यं वाचून दाखवली. ती इंग्रजीत होती, इथे मराठीत सांगते. चाळीस झाडं लावली. कमिटीने दोन दिवस आधी सांगितलं. मी फोनवर लवकर उरका म्हणाले. मी जाऊन बघितलं नाही. एकोणतीस झाडांच्या पिशव्या निघाल्या नव्हत्या. बावीस मेली. सातांच्या आता काढल्या. मी पाणी खराब आहे म्हणाले होते. पाणी चांगलं आहे, रिपोर्ट सोबत जोडला आहे.

इन्स्पेक्टरांनी लाल पेन्सिल उचलली. फक्त शेवटच्या वाक्यातल्या 'चांगलं'वर रेघ मारली आणि वर लिहिलं, 'बागेला योग्य'. पेन्सिल ठेवली. मला वाटलं, आता तरी काहीतरी म्हणतील. ते उठले, भिंतीपाशी गेले, पाठ टेकली. अख्खा वर्ग त्यांच्याकडे बघायला लागला.

पण ते माझ्याबद्दल बोललेच नाहीत. ते म्हणाले, "कारखान्यात असताना मी एकदा चिठ्ठीत लिवलं व्हतं, 'माल खराब दिसतो.' मोजला नव्हता. साहेब घाईत व्हता, मीबी घाईत. ज्याचा माल व्हता त्याचं छोटं वर्कशॉप, उरवड्यातच. त्याचं काम बंद झालं. मागनं कुनीतरी मोजला. माप बरोबर व्हतं." मग म्हणाले, "त्याचं शटर बंद हाय, ते फॅक्ट. माझ्या शब्दानं बंद झालं, हे माझं मत. म्हनून हितनं सांगतोय." मग येऊन खुर्चीत बसले आणि लातूरच्या सुनेला म्हणाले, "तुमची वाक्यं?"

सोसायटीची सभा रविवारी सकाळी होती. क्लब हाउसमध्ये तीसेक माणसं, बहुतेक हाफ पँटीत. मी नऊ वाक्यं उभं राहून वाचली. एक दोन जण माझ्या उच्चारांना हसले. पाचव्या वाक्यानंतर हसणं थांबलं. सेक्रेटरीने कागद हातात घेऊन पुन्हा वाचला.

"मॅडम, हे तर आमच्या पत्रापेक्षा जास्त तुमच्याच विरुद्ध आहे," तो म्हणाला.

"व्हय. पन ह्यातलं एकेक तपासून घ्या. तुमच्या पत्रातलं तुमी काय तपासलं व्हतं?"

"पण म्हणजे निग्लिजन्स तर होताच ना."

आवाज चढू नये म्हणून मी समोरची खुर्ची घट्ट धरली आणि म्हणाले, "असंल. तुमाला तसं वाटत असंल तर तुमच्या मते म्हनून लिवा आन खाली तुमची सही करा. मी काय म्हननार न्हाई. पन तपासल्यासारखं करून सगळ्या सोसायट्यांस्नी वाटू नका. तुमी झाड उपटून बगितलं व्हतं का?"

"नाही," तो म्हणाला.

"मीबी न्हवतं बगितलं, पानी पानी करत व्हते. झालं."

मागून एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "आणि दोन दिवसांत चाळीस झाडं लावा, हे आपणच सांगितलं होतं हो." सेक्रेटरीने त्यांच्याकडे पाहिलं आणि टेबलावरचा कागद सरळ केला. त्याच दिवशी त्याने ग्रुपवर जुनं पत्र मागे घेतलं आणि त्या जागी माझी नऊ वाक्यं टाकली. जशीच्या तशी, माझ्या सहीसकट. तो शब्द गेला. त्याच्या जागी जे आलं ते त्याहून कडू होतं, पण ते माझं होतं. पुढच्या आठवड्यात एका सोसायटीने मला ते वाचून बोलावलं. का, हे मी विचारलं नाही.

इन्स्पेक्टर आता पौडला नसतात. मुलीकडे सांगलीला गेले. खोलीत त्यांच्या भावाने बांगड्यांचे खोके रचलेत. लातूरच्या सुनेला नोकरी लागली. मामाची गेटवरची वही कारखान्यात नव्या वॉचमनना नमुना म्हणून दाखवतात, असं मामा सांगतो.

मेलेल्या बावीस झाडांच्या जागी नवी झाडं कमिटीला विचारून मीच लावली, त्याच वर्षी. त्या कामापासून मी एक पद्धत घातली, ती आजही माझ्या प्रत्येक कामावर आहे. जेवढी झाडं लावायची तेवढ्या रिकाम्या पिशव्या मोजून गिऱ्हाइकाच्या ताब्यात द्यायच्या. पहिल्या वेळी इन्स्पेक्टर स्वतः आले. बोलावलं नव्हतं. आले आणि पिशव्या जमिनीवर दहा-दहाच्या थप्प्यांत लावून वर दगड ठेवायला लागले. सेक्रेटरी चहा घेऊन उभा होता.

"बावीस झाडं," इन्स्पेक्टर म्हणाले. "एकवीस पिशव्या."

"एखादी वाऱ्यानं उडाली असंल," मी म्हणाले. हे मी म्हणाले आणि मलाच ते ऐकू आलं. ते थप्प्या पुन्हा मोजायला लागले.

"जाऊ द्या मॅडम, एका पिशवीचं काय एवढं," सेक्रेटरी म्हणाला.

मी खुरपं घेतलं आणि पहिल्या झाडापासून सुरुवात केली. मुकादमाची माणसं कुरकुरायला लागली, त्यांना जेवायला जायचं होतं. सेक्रेटरीचा चहा गार झाला. चौदाव्या झाडाच्या बुडाला खुरप्याला प्लास्टिक लागलं. मुकादमाने कपाळावर हात मारून घेतला. मी तोंड उघडलं होतं, पण मग ब्लेड त्याच्याच हातात दिलं आणि झाड मी धरलं.

इन्स्पेक्टरांनी बावीसवी पिशवी थप्पीवर ठेवली. कागदावर इंग्रजीत लिहिलं, बावीस झाडं, बावीस पिशव्या. तारीख, वेळ. स्वतः सही केली आणि सेक्रेटरीला करायला लावली.

सही करून सेक्रेटरी थोडा घुटमळला. म्हणाला, "मागच्या विंगकडे आधीच्या माळ्याने लावलेली एक रांग आहे. दोन वर्षांत वाढलीच नाही. खत कमी पडतंय त्यांना." मग स्वतःच थांबला. "म्हणजे, मला असं वाटतं."

"कुनी बगितलंय?" मी विचारलं.

त्याने मान हलवली. इन्स्पेक्टर तोवर चालायलाही लागले होते. आम्ही मागे गेलो. पहिल्या झाडापाशी मी खुरपं टेकवलं, तर माती पार घट्ट बसलेली. सेक्रेटरीने मोबाइल खिशात टाकला, माझ्या शेजारी उकिडवा बसला आणि दोन्ही हातांनी माती उकरायला लागला.